मुलांचं रोबोटिक्स: कोल्हापुरातल्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

उद्यमनगरात आमच्या वडिलांचा लेथचा कारखाना आहे. त्याच्या माळ्यावर दर शनिवारी-रविवारी मी पाचवी ते दहावीच्या मुलांना रोबोटिक्स शिकवते. खाली लेथ चालू, वर मुलांची खुडबुड चालू, असा सगळा प्रकार असतो. फोनवर, जिन्यात, मुलाला न्यायला आल्यावर गाडीवर बसल्या-बसल्या पालक तेच तेच प्रश्न विचारतात. त्या वेळी घाईत अर्धवट उत्तर दिलं जातं. म्हणून एकदा नीट बसून लिहिलं.

रोबोटिक्स म्हणजे नेमकं काय शिकवता? चालता-बोलता माणूस बनवतात का मुलं?

नाही. माणसासारखा दिसणारा पुतळा हा रोबोटिक्सचा फार छोटा भाग आहे, आणि शिकायला सुरुवात तिथून करत नाहीत.

राधानगरी धरण तुम्ही पाहिलं असेल. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरून पाणी ठरावीक पातळीला आलं की दरवाजे आपोआप उघडतात, पाणी उतरलं की बंद होतात. कोणी कळ दाबत नाही. मी मुलांना पहिल्या दिवशी हेच उदाहरण देते, कारण त्यात सगळं आलं. आधी काहीतरी जाणवलं पाहिजे (पाणी किती आहे), मग ठरलं पाहिजे (एवढं झालं की उघडायचं), मग काहीतरी हललं पाहिजे (दरवाजा). जाणवणं म्हणजे सेन्सर, ठरवणं म्हणजे प्रोग्रॅम, हलणं म्हणजे मोटर. मुलं जे काही बनवतात, मग ती रेषेवरून पळणारी गाडी असो की अंधार झाला की लागणारा दिवा, त्यात या तीनच गोष्टी असतात.

धरणात ठरवण्याचं काम पाण्याचं वजन आणि दरवाजाची घडणच करते. आमच्याकडे ते काम एक छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड करतो, आणि त्याला काय सांगायचं ते मूल लिहितं. या लिहिण्यालाच कोडिंग म्हणतात.

कितव्या वर्षापासून सुरू करावं?

माझ्याकडे पाचवीपासून घेते. त्याआधी स्क्रू, नट, वायर हाताळताना बोटांना जोर पुरत नाही आणि मूल चिडतं. पण लहान मूल घरी काही करूच शकत नाही असं नाही. जुनी खेळणी उघडून बघणं, सेल आणि छोटा दिवा जोडून तो पेटवणं, पुठ्ठ्याच्या गाडीला बाटलीच्या झाकणांची चाकं लावणं, एवढं तिसरीतलं मूल आरामात करतं. झाकणाचं भोक मधोमध पडलं नाही की गाडी डुगडुगते. का डुगडुगते हे त्याला स्वतःला कळू द्या. त्या वयाला एवढं इंजिनिअरिंग भरपूर झालं.

आधी कोडिंग शिकवता की आधी सर्किट?

आधी बोलायला शिकवते. म्हणजे सूचना द्यायला.

पहिल्या रविवारी एका मुलाचे डोळे रुमालाने बांधतो. तो रोबोट. बाकीच्यांनी त्याला जिन्यापासून ड्रिल मशीनच्या टेबलापर्यंत आणायचं, फक्त शब्दांनी. (मशीन बंद आणि प्लग काढलेला असतो, आधीच सांगते.) एक जण ओरडतो, “पुढे चल!” रोबोट चालायला लागतो आणि चालतच राहतो, टेबलावर आदळेपर्यंत. मग भांडण. “तू थांबला का नाहीस?” “तुम्ही थांब म्हणालाच नाही की!” पाच मिनिटांत मुलं “तीन पावलं पुढे, थांब, उजवीकडे काटकोनात वळ” असं बोलायला लागतात. यंत्राला अंदाज कळत नाही, सांगितलेलं तेवढंच कळतं, ही गोष्ट फळ्यावर लिहून इतक्या लवकर डोक्यात जात नाही.

ही कल्पना माझी नाही. १९६७ मध्ये अमेरिकेत सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांसाठी लोगो नावाची संगणकभाषा तयार केली. तिच्यात पुढे एक कासव आलं, ‘पुढे १००, उजवीकडे ९०’ असं सांगितलं की ते सरकतं आणि रेघ काढतं. कासव कसं वळेल हे मुलाने स्वतः चालून बघायचं, यावर पॅपर्ट यांचा भर होता.

त्यानंतर पाचवी-सहावीसाठी स्क्रॅच. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबने ते २००७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं, फुकट आहे. त्यात टाइप करावं लागत नाही, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे. ‘जर’, ‘नाहीतर’, ‘पुन्हा पुन्हा’ या गोष्टी तिथे पक्क्या होतात. सातवीपासून अर्डुइनो बोर्ड आणि खरी टाइप करायची भाषा.

अर्डुइनो म्हणजे काय? सगळे क्लास तेच नाव घेतात.

खेळायच्या पत्त्यापेक्षा थोडा छोटा एक बोर्ड. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावात, इंजिनिअर नसलेल्या विद्यार्थ्यांनाही इलेक्ट्रॉनिक्स वापरता यावं म्हणून तो बनवला गेला. बोर्डाची रचना सगळ्यांसाठी खुली ठेवली, त्यामुळे कोणीही तो बनवू शकतो आणि स्वस्तात मिळतो. त्यातल्या नेहमीच्या, उनो नावाच्या बोर्डाला १४ डिजिटल पिना, म्हणजे वायर जोडायच्या जागा, असतात (चालू किंवा बंद) आणि ६ ॲनालॉग, ज्या ० ते १०२३ मधला आकडा देतात. त्याची स्मृती ३२ किलोबाइट. तुमच्या मोबाईलमधल्या एका फोटोलाही ती पुरणार नाही, पण गाडी चालवायला भरपूर होते.

आमचं पोरगं मराठी माध्यमात आहे. इंग्रजी कच्चं आहे. जमेल का?

जमेल. हा प्रश्न विचारताना पालकांचा आवाज खाली जातो, तो जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

कोडमध्ये इंग्रजी शब्द लागतात ते तीस-चाळीस. ते शब्द मुलं नट-बोल्टसारखे वापरायला शिकतात. आमच्या उद्यमनगरात व्हर्नियर, टॅप, डाय, चक, टेपर हे शब्द तिसरी पास टर्नरच्या तोंडी असतात, आणि एक सूत इकडचं तिकडे होत नाही. विचार मात्र ज्या भाषेत घरी करतो त्याच भाषेत व्हायला हवा. म्हणून मी कोड लिहायच्या आधी वहीत मराठीत लिहायला लावते, उदाहरणार्थ पुराच्या पातळीच्या प्रकल्पासाठी: ‘पाणी ३९ च्या वर गेलं तर पिवळा दिवा लाव. ४३ च्या वर गेलं तर लाल लाव आणि भोंगा वाजव.’ हे ज्याला नीट लिहिता आलं, त्याचं निम्मं कोडिंग झालं. ज्याला नाही आलं, त्याला इंग्रजी कितीही येत असू दे, त्याचं अडतं.

पहिला मोठा प्रकल्प कोणता करायला देता?

पंचगंगेची पातळी. या प्रश्नाचं उत्तर जरा लांबेल.

कोल्हापुरात पावसाळ्यात घराघरांत एकच चौकशी असते: राजाराम बंधाऱ्याला किती फूट? ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, हे आकडे इथल्या दुसरीतल्या मुलाला पाठ असतात. २०१९ आणि २०२१ चा महापूर माझ्या मोठ्या मुलांनी डोळ्यांनी पाहिला आहे. काहींच्या घरात पाणी होतं. त्यामुळे हा प्रकल्प द्यायला प्रस्तावना लागत नाही.

एक उंच ड्रम घ्यायचा. एक फुटाला एक सेंटिमीटर, असं प्रमाण धरायचं. ड्रमच्या तळापासून ७० सेंटिमीटरवर पट्टी आडवी बांधून तिच्यावर अल्ट्रासॉनिक सेन्सर खाली तोंड करून बसवायचा. त्याला दोन डोळ्यांसारखे गोल असतात. एकातून आपल्याला ऐकू न येणारा आवाज सुटतो, ४० किलोहर्ट्झचा. तो पाण्यावर आपटून परत येतो, दुसरा गोल तो ऐकतो. वटवाघूळ करतं तेच. बोर्ड मोजतो की जाऊन यायला किती वेळ लागला. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एक सेंटिमीटर जाऊन-येऊन सुमारे ५८ मायक्रोसेकंद. वेळेला ५८ ने भागलं की अंतर मिळालं. आणि ७० मधून अंतर वजा केलं की पाण्याची पातळी. अंतर ३१ आलं तर पाणी ३९ वर. अंतर २७ आलं तर ४३ वर.

सातवीच्या मुलाला वजाबाकी येते, भागाकार येतो. मग अवघड काय? अवघड खरं पाणी ओतल्यावर सुरू होतं.

पहिल्यांदा काहींचा आकडा हलतच नाही. कारण त्यांनी ड्रमऐवजी घरची अरुंद बादली आणलेली असते. आवाज सरळ रेषेत जात नाही, शंकूसारखा पसरतो, आणि बादलीच्या काठावरूनच परत येतो. यंत्र बिचारं काठाचं अंतर मोजत बसतं. दुसरी गंमत ४३ ला होते. पाणी बरोबर ४३ ला आणलं की लाल दिवा लागतो-विझतो, लागतो-विझतो, भोंगा चिरचिरतो. पाण्यावर लहान तरंग असतात, त्यामुळे एकदा ४२.८ येतं, एकदा ४३.१.

मागच्या वर्षी सातवीतल्या एका मुलीने यावर अर्धा तास डोकं घातलं. पाच वेळा मोजून मधला आकडा घ्यायचा, हे तिला मी सुचवलं. त्याने चिरचिर कमी झाली, थांबली नाही. मग ती म्हणाली, “ताई, पाणी उतरायला लागलं तरी लोक लगेच घरी जात नाहीत. थोडं खाली गेल्यावर जातात.” आणि तिने लिहिलं: ४३ च्या वर गेलं की लाल लाव, पण विझवायचा तो ४२ च्या खाली गेल्यावरच. कारखान्यातल्या टाक्यांची आणि घरातल्या फ्रिजची यंत्रणा याच तत्त्वावर चालते, लावायची एक पातळी आणि बंद करायची दुसरी. तिला ते पुस्तकातून शिकवायला गेले असते तर तो एक अवघड शब्द झाला असता.

रेषेवरून पळणारी गाडी नाही का शिकवत? यूट्यूबवर सगळीकडे तीच असते.

शिकवते. जुन्या फ्लेक्सची मागची पांढरी बाजू आणि काळी इन्सुलेशन टेप, एवढ्यात ट्रॅक तयार होतो. सेन्सर खाली इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, किरण सोडतो. पांढऱ्यावरून ते परत येतात, काळ्यात शोषले जातात. डावा सेन्सर काळ्यावर गेला तर डावीकडे वळ, उजवा गेला तर उजवीकडे.

एकदा एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आमच्या मुलांची गाडी, आदल्या रात्री दहा फेऱ्या मारलेली, सकाळी जागेवरच गोल गोल फिरायला लागली. मुलांचे चेहरे उतरले. टेबल खिडकीजवळ होतं, ऊन थेट ट्रॅकवर. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं, त्यामुळे सेन्सरला काळं-पांढरं सगळं एकच दिसत होतं. एका मुलाने सहज वाकून बघितलं, त्याची सावली पडली, आणि गाडी सरळ झाली. परीक्षक यायच्या आत त्यांनी पुठ्ठ्याची झालर कापून सेन्सरभोवती चिकटवली. बक्षीस मिळालं नाही. पण ती झालर मी अजून ठेवली आहे.

सारखं बिघडतंच असेल तर मुलं कंटाळत नाहीत का?

कंटाळतात, रडतातही. या कामाचा खरा गाभा तिथेच आहे, म्हणून जरा स्पष्ट लिहिते.

माझ्या मते मूल रोबोट बनवायला शिकलं याला फार किंमत नाही. इंटरनेटवर बघून, वायरींचे रंग जुळवून, कोड चिकटवून कोणीही रोबोट बनवतो. न चाललेला रोबोट का चालत नाही हे ज्याने शोधलं, तो शिकला. आमचे वडील बिघडलेला जॉब, म्हणजे लेथवर घडवलेला भाग, भंगारात टाकत नाहीत. एका लाकडी कपाटात ठेवतात, चिठ्ठी लावून: ‘चक ढिला’, ‘टूल घासलेलं’, ‘घाई केली’. मी त्यावरून मुलांना एक वही ठेवायला लावते. तिला आम्ही बिघाडवही म्हणतो. काय झालं, मला कशाचा संशय आला, मी काय तपासलं, निघालं काय. चार रकाने.

सगळ्यांच्या वहीत येणारा एक बिघाड सांगते. गाडी इंचभर पुढे जाते, थांबते, बोर्डवरचा दिवा लुकलुकतो, परत इंचभर. पोरं कोड तपासत बसतात. कोड बरोबर असतो. चूक असते ती चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीची. तिच्यावर नऊ लिहिलंय म्हणून मुलांना ती दणकट वाटते, पण मोटर सुरू होताना जो जोराचा करंट ओढते तो ती देऊ शकत नाही. व्होल्टेज कोसळतं, बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू होतो, मोटर पुन्हा ओढते. हे चक्र. मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावला की आकडा डोळ्यांसमोर पडताना दिसतो. ते दिसलं की मुलाच्या तोंडून जे “हां!” निघतं, त्यासाठी मी शनिवार-रविवार देते.

मुलाचं अडलं तर घरी आम्ही करून द्यायचं का?

नाही. शेजारी बसा, विचारा: “तू काय काय तपासलंस?” बस्स. तुमच्या हातात स्क्रूड्रायव्हर आला की मूल मागे सरकतं.

आम्हाला यातलं काहीच कळत नाही. मग?

हे उलट बरं. मुलाने तुम्हाला समजावून सांगावं. समजावताना ते अडखळलं, की ते कुठे कच्चं आहे हे त्याचं त्यालाच कळतं. माझ्याकडे एका मुलाची आजी आहे, शाळेची पायरी न चढलेली. ती त्याला विचारत सुटते, “पण त्येला कसं कळतंय रं पाणी आलं म्हणून?” त्या मुलाइतकं स्पष्ट माझ्याकडे कोणी बोलत नाही.

खर्च किती येतो? महागडं किट घ्यावं का?

सुरुवातीला नाही. अर्डुइनोसारखा साधा बोर्ड, चाकांसकट दोन बीओ मोटर (खेळण्यातल्या गाडीसारख्या छोट्या), मोटर ड्रायव्हर (बोर्डच्या सांगण्यावरून मोटरला वीज देणारा भाग), एक-दोन सेन्सर, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता वायरी खोचून जोडायची पट्टी), वायरी, सेल आणि सेलचा होल्डर, हे सगळं साधारण दीड-दोन हजारांत बसतं, आणि एकाच सामानातून आठ-दहा प्रकल्प होतात. गाडीची बॉडी प्लायवूडची, पुठ्ठ्याची किंवा जुन्या टिफिनच्या झाकणाची करा. विकतच्या बॉडीत भोकं आधीच पाडलेली असतात, म्हणजे मोजायचं, आखायचं, ड्रिल मारायचं शिक्षण गेलं. उद्यमनगरात भंगारात पडलेलं बेअरिंग, वॉशर, स्प्रिंग बघून मुलांचे डोळे चमकतात.

किटला माझा विरोध नाही. पण किटमधला प्रत्येक भाग एकाच जागी बसतो आणि बसतोच. खऱ्या कामात भाग बसत नाही, कानस मारावी लागते. मूल आधी हे शिकू दे. शिवाय कंपनी किट बंद करते तेव्हा सुटे भाग मिळणं अवघड होतं. लेगोची माइंडस्टॉर्म्स मालिका १९९८ पासून जगभर वापरली गेली, पण कंपनीने ती २०२२ अखेर बंद केली.

लॅपटॉप लागतोच का?

घरी असेल तर उत्तम, जुनाही चालतो. नसेल तर आमच्याकडे तीन आहेत, आळीपाळीने बसतात. निम्मा वेळ तर हातात पक्कड असते. टिंकरकॅड नावाच्या संकेतस्थळावर सर्किट जोडून, कोड लिहून फुकट चालवून बघता येतं. अतिवृष्टीच्या सुट्टीत मुलं तेच करतात. मात्र टिंकरकॅडमध्ये वायर ढिली पडत नाही, म्हणून मी त्यावर फार विसंबत नाही.

शॉक, भाजणं… सुरक्षिततेचं काय?

याबाबत मी कडक आहे.

मुलांचं सगळं काम ५ ते ९ व्होल्टवर चालतं, त्याने शॉक बसत नाही. घरातली २३० व्होल्टची लाइन माझ्याकडे कोणतंही मूल हाताळत नाही, दहावीतलंही नाही. रिले (बोर्डच्या इशाऱ्यावर चालणारं विजेचं बटण) लावून घरचा पंखा चालू-बंद करायचे व्हिडिओ मुलं बघतात. घरी ते करू देऊ नका.

सोल्डरिंग आठवीपासून. सोल्डरगनचं टोक ३०० अंशांच्या वर जातं, म्हणून गॉगल, सुती कपडे, केस बांधलेले, खिडकी उघडी. साध्या सोल्डरच्या तारेत शिसं असतं. हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही.

तिसरं म्हणजे लिथियमचे सेल. सुरुवातीच्या वर्षी मी स्वतः एक चूक केली. दोन लिथियम सेल स्टीलच्या डब्यात तसेच सुट्टे टाकले. डबा बॅगेत हलला, सेलची टोकं स्टीलला टेकली, आणि घरी पोहोचेपर्यंत डबा हात लावता येणार नाही इतका तापला होता. नशिबाने तेवढ्यावर भागलं. तेव्हापासून लहान मुलांना साधे एए सेल, आणि लिथियमचे सेल फक्त प्लॅस्टिकच्या डब्यात, प्रत्येक सेल वेगळ्या खणात. चार्जिंग माझ्यासमोर.

मुलींना जमतं का?

वर पातळीचा प्रकल्प ज्या मुलीने सोडवला तिचं वाचलंत. मी स्वतः इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला तेव्हा, आणि आजही खाली कारखान्यात उतरते तेव्हा, हा प्रश्न ऐकते. एकच विनंती आहे. गटात मुली असल्या की ‘सजावट आणि चार्ट’ त्यांच्याकडे जातो. माझ्याकडे चार्टची पाळी चिठ्ठीने ठरते, ड्रिलचीही.

यात आपल्या गावाचं काय आहे? हे सगळं बाहेरून आलेलं शास्त्र वाटतं.

बोर्ड बाहेरून आला, हात इथलेच आहेत. बाबूराव पेंटर याच गावचे, मूळ आडनाव मेस्त्री. परदेशी कॅमेरा परवडत नव्हता आणि मिळतही नव्हता, तेव्हा त्यांनी आणि सोबत्यांनी सिनेमाचा कॅमेरा कोल्हापुरात स्वतः बनवला, आणि १९२० च्या सुमारास त्यावर चित्रपट काढले. जुने कारागीर म्हादबा मेस्त्री यांचं नाव उद्यमनगरात अजून आदराने घेतलं जातं. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमधून निघालेलं कास्टिंग देशभरच्या वाहनांत बसतं. बघून, उघडून, मोजून, तसंच बनवून बघायचं, ही या गावची जुनी शिकण्याची रीत आहे.

म्हणून प्रकल्पही इथले देते. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव मुलांना माहीत असतो, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर, मावळतीचे किरण गाभाऱ्यापर्यंत येतात. बुटाच्या खोक्याला फट पाडून, आत प्रकाश ओळखणारा एलडीआर बसवून, टॉर्चचा सूर्य हळूहळू खाली आणायचा. कोणत्या कोनाला आकडा उसळी मारतो ते वहीत मांडायचं. मध्येच कोणी हात आडवा घातला की आकडा पडतो, आणि वाटेत अडथळा आला की किरण का पोहोचत नाहीत, हे मुलं न सांगता बोलायला लागतात.

गुणांत फरक पडेल का? दहावीला उपयोग?

थेट नाही. विज्ञानातली वीज, परावर्तन, वेग ही प्रकरणं सोपी जातात एवढं खरं. गुणांसाठी पाठवणार असाल तर पाठवू नका.

शाळेत लॅब असेल तर क्लासची गरज आहे का?

मुळीच नाही. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून २०१६ पासून देशभरात दहा हजारांहून जास्त शाळांना अटल टिंकरिंग लॅब मिळाल्या, सहावी ते बारावीसाठी. एका लॅबला २० लाखांपर्यंत अनुदान असतं. तुमच्या शाळेत ती आहे का, आणि असली तर कुलूप आठवड्यातून किती वेळा उघडतं, हे पालकसभेत विचारा. बऱ्याचदा अडचण सामानाची नसते, मोडेल म्हणून मुलांच्या हातात देत नाहीत ही असते. मोडू दे. त्यासाठीच ते आलं आहे.

स्पर्धांना पाठवता का?

मूल स्वतः म्हणालं तर. वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाड आहे, फर्स्ट लेगो लीग आहे. सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेत शाळेमार्फत कल्पना पाठवता येते, निवड झाली तर नमुना बनवायला १०,००० रुपये मिळतात. ही योजना मला सगळ्यांत आवडते, कारण तिथे प्रश्न मुलाचा असतो.

आता एआय कोड लिहून देतं. मग मुलांनी कशाला शिकायचं?

मोठी मुलं एआय वापरतात, मी अडवत नाही. अट एक: त्याने दिलेल्या कोडची प्रत्येक ओळ मला मराठीत सांगायची. नववीतल्या एका मुलाने एकदा पूर्ण कोड असा आणला. गाडी हलेना. त्याने तासभर एआयला विचारलं, त्याने सात वेगवेगळे कोड दिले. शेवटी मी त्याला बॅटरीची काळी वायर बोटाने मागे मागे बघत जायला सांगितलं. मोटरच्या बॅटरीचं ग्राउंड (उणे टोक) आणि बोर्डचं ग्राउंड एकमेकांना जोडलेलंच नव्हतं. टेबलावर काय पडलंय ते एआयला दिसत नव्हतं, आणि मुलाने बघितलं नव्हतं.

आम्ही गारगोटीकडे राहतो, दर आठवड्याला येणं जमणार नाही.

महिन्यातून एक रविवार या, सामान घेऊन जा, बिघाडवहीचे फोटो पाठवा. दोन मुलं असं करतात आणि त्यांच्या वह्या शहरातल्या मुलांपेक्षा भरलेल्या असतात.

पहिल्या दिवशी काय आणायचं?

दोनशे पानी वही, पेन्सिल, पट्टी, पाण्याची बाटली. पायात बूट, चप्पल नको, कारखान्यात लोखंडाचा कीस पडलेला असतो. आणि घरातली एक बंद पडलेली वस्तू, उघडून बघायला. खेळण्यातली गाडी, भिंतीवरचं घड्याळ, सेलवरचा रेडिओ, काहीही. जुना टीव्ही, मायक्रोवेव्ह किंवा कॅमेऱ्याचा फ्लॅश मात्र आणू नका, त्यात बंद असतानाही वीज साठलेली असते. स्क्रूड्रायव्हर मी देते.